आता काय, तुम्ही फ्री!

निवृत्तीच्या दिवशी बँकेने मला शाल दिली, श्रीफळ दिलं, भिंतीवरचं एक घड्याळ दिलं आणि एक विशेषण दिलं. शाल कपाटात गेली, नारळाची त्याच संध्याकाळी चटणी झाली, घड्याळ भाचीच्या नव्या घरी रवाना झालं. विशेषण मात्र अंगाला चिकटलं ते चिकटलंच. ‘आता काय मॅडम, तुम्ही फ्री!’

शिपायापासून रिजनल मॅनेजरपर्यंत सगळ्यांनी हेच वाक्य म्हटलं आणि मीही हसून मान डोलावली. छत्तीस वर्षं सकाळचे दहा गाठण्यात गेलेली. शब्द कानाला गोडच लागला. घरी येताना रिक्षात मी मनातल्या मनात त्याचं मराठी करून पाहिलं. मोकळी. झाले बाई एकदाची मोकळी.

चूक तिथेच झाली. पुढच्या सोमवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी सोसायटीच्या चेअरमनांचा फोन आला. ‘मॅडम, आता तुम्ही फ्रीच आहात, तर टाकी धुणाऱ्यांवर जरा लक्ष ठेवाल का?’ नऊ वाजता नणंदेचा. तिच्याकडे गॅसवाला येणार होता आणि ती ऑफिसात. ‘वहिनी, तुम्ही काय, फ्रीच!’ साडेदहाला समोरच्या फ्लॅटमधली मुलगी येऊन कुरियरची तीन पार्सलं घेऊन ठेवायला सांगून गेली. महिन्याभरात सोसायटीचे हिशेब माझ्या टेबलावर आले, चार आजी-आजोबांचं केवायसी आलं आणि नोव्हेंबर उजाडला तशी हयातीच्या दाखल्यांसाठी दारात रांग लागली. ज्या कामांसाठी बँक मला दरमहा पगार देत होती, तीच कामं मी आता घरच्या गाउनमध्ये करत होते. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. मी समजत होते, मी मोकळी झाले. लोक समजत होते, मी मोफत झाले. शब्द मात्र दोघांचा एकच होता.

या शब्दाने एकट्या माझाच घोळ केला असता तर मी गप्प बसले असते. पण ज्यांची ती भाषा, त्यांनाही त्याने सोडलेलं नाही. रिचर्ड स्टॉलमन नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरने 1983 साली एक चळवळ सुरू केली. सॉफ्टवेअर कुणालाही उघडून बघता यावं, बदलता यावं, दुसऱ्याला देता यावं, असं त्याचं म्हणणं. नाव ठेवलं ‘फ्री सॉफ्टवेअर’. त्याला म्हणायचं होतं मुक्त, लोकांनी ऐकलं मोफत. तेव्हापासून हा गृहस्थ समजावत फिरतो आहे, की बाबांनो, हे फ्री म्हणजे भाषणस्वातंत्र्यातलं फ्री, फुकटच्या बिअरमधलं नव्हे. शेवटी त्याच्या मंडळींनी ‘लिब्र’ हा परका शब्द उसना आणला. दुसऱ्या काहींनी कंटाळून 1998 मध्ये ‘ओपन सोर्स’ असं नवंच बारसं केलं. एवढी मोठी इंग्रजी, आणि घरातल्या एका शब्दासाठी शेजारणीकडे वाटी घेऊन जायची वेळ!

आपल्यावर ही वेळ यायचं कारण नव्हतं. मिसळणाच्या डब्यात जशा मोहरी-जिऱ्याच्या वेगवेगळ्या वाट्या असतात, तसे आपल्याकडे शब्द आहेत. मुक्त वेगळं, मोफत वेगळं, फुकट वेगळं. मोकळा, रिकामा, सुटा, खुला, स्वतंत्र हे आणखी निराळे. आपण काय केलं? सगळ्या वाट्या एका बरणीत ओतल्या आणि वर चिठ्ठी डकवली, ‘फ्री’.

का केलं असेल असं? मला वाटतं, ‘फुकट’ला घाबरून. हा शब्द मराठीत भारी खोडसाळ आहे. पैसे न देता मिळालं तेही फुकट आणि वाया गेलं तेही फुकट. रविवार फुकट जातो, मेहनत फुकट जाते, एखाद्याचा जन्मच्या जन्म फुकट जातो. ‘फुकट ते पौष्टिक’ असं आपण म्हणतो खरं, पण ते स्वतःलाच चिमटा काढून. त्यामुळे ‘साबणावर बादली फुकट’ अशी पाटी कुठलाही शहाणा वाणी लावणार नाही. ती वाचून गिऱ्हाइकाला एकतर बादली टाकाऊ वाटेल, नाहीतर आपणच फुकटे आहोत असं वाटेल. ‘मोफत’ला सरकारी वास येतो. मोफत धान्य, मोफत नेत्रतपासणी, पुढे रांग आणि शिक्का. राहिला ‘फ्री’. तो अब्रू झाकतो. ‘एकावर एक फ्री’ म्हटलं की आपण ताठ मानेने दोन्ही हात पुढे करतो.

आमच्या माळ्यावर त्या ताठ मानेचा सगळा ऐवज आहे. झाकण न बसणारे सात प्लास्टिकचे डबे, ऊन असलं तरच उघडणारी एक छत्री, कुठल्याशा हेल्थ ड्रिंकबरोबर आलेला घरात कुणीच न खेळणारा सापशिडीचा पट. सगळं फ्री. यातल्या छत्रीसाठी आम्ही दोन वर्षं न आवडणारी चहा पावडर प्यालो, हा हिशेब मी बँकेत असूनही कधी मांडला नाही.

याच शब्दाची जागा बदलली की तो उलटा फिरतो, ही आणखी गंमत. ‘फ्री साखर’ म्हणजे साखर मिळणार आणि ‘शुगर फ्री’ म्हणजे साखर मिळणार नाही. आमच्या यांना शुगर आहे. आता हाही एक मराठी चमत्कार. इंग्रजाला साखर डब्यात असते, आपल्याला ती रक्तातच निघते. तर यांच्यासाठी दिवाळीत मी शुगर फ्री काजूकतली घ्यायला गेले. साध्या काजूकतलीपेक्षा भाव बराच चढा. ‘अहो, साखर काढून घेतलीत, मग पैसे कमी करायला हवेत ना?’ मी विचारलं. दुकानदार शांतपणे म्हणाला, ‘काकू, घालायला काही लागत नाही. काढायलाच खर्च येतो.’ मी पैसे दिले. वाक्य त्या किमतीत महाग नव्हतं.

सरकार अशा ठिकाणी ‘फ्री’ म्हणत नाही, ‘मुक्त’ म्हणतं. तंटामुक्त गाव, टँकरमुक्त तालुका, तंबाखूमुक्त शाळा. म्हणजे ज्या ‘मुक्त’ने संतांनी जन्ममरणाचा फेरा चुकवला, त्यालाच आपण पाण्याच्या टँकरला जुंपलं. तक्रार नाही, उन्हाळ्यात ज्यांच्या गावाला टँकर लागतो, त्यांना विचारलं तर तीच खरी मुक्ती म्हणतील.

पण ‘फ्री’ने अब्रू झाकली तर बिघडलं कुठे, असाही प्रश्न मला पडतो, आणि त्याचं कारण घरातलंच आहे. माझ्या वडिलांना शाळेत नादारी होती. आजच्या मुलांना हा शब्द सांगावा लागेल. घरची गरिबी असली की फी माफ व्हायची, तिला नादारी म्हणत. पूर्ण नादारी, अर्धी नादारी. शब्द फारसीतून आलेला. ‘ना-दार’ म्हणजे ज्याच्याकडे काही नाही तो. नादारीवाल्या मुलांची नावं वर्गात मोठ्याने वाचली जायची आणि त्या मुलांनी उभं राहायचं. वडील हे सांगताना त्या जागी अगदी क्षणभर थांबायचे आणि मग विषय बदलायचे. पुढे मी कॉलेजात गेले तेव्हा मलाही ईबीसीची, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीची, सवलत होती. आम्ही तिला ‘फ्रीशिप’ म्हणायचो. मुली एकमेकींना कँटीनमध्ये सहज विचारायच्या, ‘तुझी फ्रीशिप झाली का गं?’ माफी तीच, गरिबीही जवळजवळ तीच. नादारीत उभं राहावं लागत होतं, फ्रीशिपमध्ये फॉर्म भरून चहा प्यायला जाता येत होतं. परक्या शब्दाला आपल्या जखमा ठाऊक नसतात, म्हणून तो कधीकधी बरा वाटतो.

शिक्षणाच्या बाबतीत तर ‘फ्री’ची जोडी मोठ्या विचित्र सवंगड्याशी जमली आहे. शाहू महाराजांनी 1917 साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. 2009 साली झालेल्या आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या नावातही तीच जोडी आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी, मोफत आणि सक्तीचं. फ्री, पण न घेऊन चालणार नाही असं. इंग्रजीच्या एखाद्या मास्तरला यात विरोधाभास दिसेल. ज्या आईने दुधाचा पेला घेऊन पोरामागे घरभर धावाधाव केली आहे, तिला काहीच विचित्र दिसणार नाही.

आता ‘फ्री लंच’. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात दारूच्या गुत्त्यांतून जेवण फुकट ठेवलेलं असायचं, एक पेला विकत घेतला की झालं. जेवणात खारट पदार्थ भरपूर. खाणाऱ्याला तहान लागायची आणि गुत्तेवाल्याची वसुली व्हायची. मिल्टन फ्रीडमन या अर्थतज्ज्ञाने, ज्याच्या आडनावातच देवनागरीत तरी ‘फ्री’ आहे, 1975 साली एका पुस्तकाला नावच असं दिलं की फुकटचं जेवण अशी वस्तू जगात नाही. अर्थशास्त्राच्या दृष्टीने बरोबर असेल. पण फ्रीडमनसाहेबांना पाणीपुरीच्या गाडीवर कुणी नेलं नसावं. सहा पुऱ्या झाल्या, द्रोण रिकामा झाला, पैसे देऊन झाले, तरी आपण हललेलो नसतो. भय्याही वर बघत नाही. डाव्या हाताने एक पुरी उचलतो, अंगठ्याने फोडतो, बटाटा, शेव, चिमूटभर मसाला. सुकी पुरी. ती तो देतो आणि आपण घेतो, मध्ये एक अक्षर नाही. तिला कुणी ‘फ्री’ म्हणत नाही. फ्री म्हटलं तर भय्याला ती उपकारासारखी वाटेल आणि आपल्याला भिकेसारखी. ती हक्काची असते. न मिळाली तर भांडण होतं, आणि भांडणाऱ्याची बाजू बरोबर असते. भाजीवालीच्या चार काड्या कढीपत्त्याचंही तेच. हा ऐवज कुठल्याच बिलात येत नाही आणि त्याच्यावाचून कुठलाच बाजार पुरा होत नाही.

‘फ्री’चा आणखी एक अर्थ आपणच तयार केला आहे, तो स्वभावाचा. ‘मुलगी अगदी फ्री आहे हो’, हे वाक्य एका घरात पसंतीचं असतं आणि दुसऱ्या घरात नकाराचं. नव्या सुनेला पहिल्या आठवड्यात सांगतात, ‘अगं, फ्री हो, हे तुझंच घर आहे.’ तिसऱ्या महिन्यात स्वयंपाकघरातून कुजबुज येते, ‘जरा जास्तच फ्री झाली आहे.’ फ्री कितपत व्हायचं याचं माप सुनेला कुणी देत नाही. क्रिकेटमधल्या फ्री हिटसारखं आहे ते. गोलंदाजाने नो-बॉल टाकला की पुढचा चेंडू फलंदाजाने हवा तसा मारावा. झेल गेला तरी तो बाद नाही. पण धावबाद मात्र होता येतं! क्रिकेट बघताना मला हा नियम आमच्या यांनी समजावून सांगितला, तेव्हा मी म्हटलं, हा मला लग्नाच्या आधी कळायला हवा होता.

खरं तर या सगळ्यासाठी आपला ‘मोकळा’ होता. किती कामाचा शब्द! पोहे मोकळे व्हावे लागतात, साबुदाण्याची खिचडी मोकळी व्हावी लागते. गिचका झाला तर सुगरणपण संपलं. केस मोकळे सोडतात, जनावर मोकळं सोडतात. रडून मन मोकळं होतं आणि एरंडेल घेऊन पोट. बाळंतीण सुखरूप मोकळी होते. कुणी बोलून मोकळा होतो आणि ऐकणारा आठवडाभर अडकून पडतो. मात्र सवाष्णीचे हात मोकळे दिसले की आजी दटावायची, ‘बांगड्या घाल आधी.’ म्हणजे मोकळेपण कुठे शोभतं आणि कुठे नाही, हेही तो शब्द सोबत घेऊन फिरतो. ‘फ्री’ला हे जमत नाही. ‘पोहे फ्री झाले’ म्हणून बघा. लोक ताटली घेऊन येतील.

दुकानांमध्ये ‘फ्री साइज’ नावाचा एक प्रकार असतो. सगळ्यांना होईल असं सांगतात आणि कुणालाच होत नाही. जगातलं एकमेव खरं फ्री साइज वस्त्र म्हणजे साडी. पणजीची नऊवारी नातीला होते, पणतीलाही होते. वर्तमानपत्रांत ‘फ्रीस्टाइल’ असते. खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवलं ते फ्रीस्टाइल कुस्तीत. तिच्यात पायांनाही पकडता येतं, म्हणून ती फ्रीस्टाइल. नियम तिलाही आहेतच. पण आपल्या बातमीदारांनी तो शब्द खाशाबांच्या आखाड्यातून उचलून थेट बाजार समितीच्या सभेत नेला. ‘दोन गटांत फ्रीस्टाइल’ असा मथळा दिसला की समजावं, खुर्च्या तुटल्या.

माझा पुतण्या फ्रीलान्सर आहे. घरातल्यांना वाटतं, म्हणजे फ्री असतो. हा शब्द वॉल्टर स्कॉटच्या ‘आयव्हॅनहो’ या 1819 सालच्या कादंबरीने रूढ केला. ज्याचा भाला कुठल्याही एका सरदाराला बांधलेला नाही, तो फ्री-लान्स. आपल्या मराठी फौजेत बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकार होते. बारगिराला घोडा सरकारी, शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन यायचा. पुतण्याला मी हे सांगितलं तेव्हा तो खूश झाला. ‘म्हणजे काकू, कंपनीचा लॅपटॉप वापरणारा माझा मित्र बारगीर आणि मी शिलेदार!’ एवढं बोलून शिलेदार परत स्क्रीनकडे वळला. रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि लढाई सकाळी सहापर्यंत संपवायची होती.

‘फ्री’ असलेल्या वस्तूंमध्ये माझा जीव जडलेली एकच, ती म्हणजे सायकलचं फ्रीव्हील. आमचं पुणं कधीकाळी सायकलींचं शहर होतं आणि कॉलेजच्या दिवसांत मीही त्या गर्दीतली एक होते. पाय थांबवले तरी चाक फिरत राहतं, ही किमया मागच्या चाकाच्या त्या चकतीची. आत दात असतात आणि दातांत अडकणारे छोटे खटके. त्यांना सायकलवाले ‘कुत्री’ म्हणतात. पेडल पुढे मारलं की कुत्री दातांना धरतात आणि चाक ओढलं जातं. पाय थांबवला की ती दातांवरून नुसती घसरत जातात. तीच ती टिक्‌टिक्‌टिक्‌. लकडी पुलाच्या उतारावर ती टिक्‌टिक्‌ ऐकत जाणं हे माझ्या तरुणपणातलं सगळ्यात मोठं स्वातंत्र्य होतं. एकदा माझी पेडलं दोन्ही बाजूंनी गरगरा फिरायला लागली, सायकल मात्र जागची हलेना. सायकलवाल्याने खाली बसून बघितलं आणि म्हणाला, ‘ताई, कुत्री गेली. आता ही पूर्ण फ्री झाली.’ पूर्ण फ्री झालेली सायकल हातात धरून मी तीन किलोमीटर चालत घरी गेले होते. निवृत्तीनंतर ते वाक्य मला वारंवार आठवतं. धरणारं काहीच उरलं नाही की चाक पुढे जात नाही.

आता एक गोष्ट आत्याची. माझी आत्या कराडजवळच्या एका गावात मुलाकडे असते. वय सत्याहत्तर. 26 ऑगस्ट 2022 पासून एसटीने पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यभर मोफत प्रवास सुरू केला. त्याआधी आत्या पुण्याला वर्षातून एकदा यायची, दिवाळीनंतर. आता दोन महिन्यांनी येते. एकदा कधी कोल्हापूरला जाऊन महालक्ष्मीचं दर्शन घेते, एकदा पंढरपूरला गेली. मी तिला चिडवलं, ‘आत्या, फुकट आहे म्हणून गाडीतून खाली उतरतच नाहीस तू.’

ती हसली नाही. पदराच्या टोकाला बांधलेलं आधार कार्ड सोडून परत बांधत म्हणाली, ‘फुकटचं नाही गं. पूर्वी यायचं म्हटलं की पोराकडं पैसं मागावं लागायचं. तो द्यायचा, नाही म्हणायचा नाही. पण कशाला चाललीस, कधी येणार, हे सांगावं लागायचं. आता कंडक्टरला कार्ड दाखवते. तो विचारत न्हाई कशाला चाललीस.’

स्टॉलमनने चाळीस वर्षं ज्या दोन अर्थांची भांडणं सोडवली, ते दोन अर्थ आत्याच्या पदराच्या गाठीत एकत्र बांधलेले होते. तिकीट मोफत झालं आणि आत्या मुक्त झाली. दोन्हीला ‘फ्री’ हा एकच शब्द वापरणारे इंग्रज तितकेसे भोळे नसावेत, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

मग मी शब्दकोश काढला. मोकळा वेळ होता म्हणून नव्हे, आत्या झोपली होती म्हणून. ‘फ्री’च्या मुळाशी गेले तर समोर आपलीच वस्तू निघाली. परीकथांमुळे आपल्याला माहीत असलेल्या ग्रिम बंधूंपैकी थोरला, याकोब, हा भाषेचाही मोठा पंडित. त्याने 1822 साली एक नियम मांडला. इतर भाषाभगिनींमध्ये जिथे ‘प’ असतो, तिथे इंग्रजी-जर्मनच्या घराण्यात ‘फ’ येतो. आपला पितृ, त्यांचा फादर. आपला पाद, त्यांचा फूट. आपले पंच, त्यांचे फाइव्ह. आणि आपला ‘प्रिय’, त्यांचा ‘फ्री’!

अर्थ तर त्याहून गमतीचा. त्या जुन्या लोकांच्या घरात दोन प्रकारची माणसं असायची. एक गुलाम, आणि दुसरी जिव्हाळ्याची, म्हणजे आपली. जी आपली, ती गुलाम नव्हेत. म्हणून ‘प्रिय’ म्हणता म्हणता त्या शब्दाचा अर्थ ‘स्वतंत्र’ झाला. ‘फ्रेंड’ हाही त्याच मुळाचा. म्हणजे मूळचा फ्री माणूस कुणाशीच बांधलेला नसलेला असा नव्हता. तो घरचा होता, आणि तेवढ्यानेच तो स्वतंत्र होता. माझ्या सायकलवाल्याला हे ग्रिमच्या मदतीशिवाय कळलं होतं.

आपल्या ‘प्रिय’बद्दल सविस्तर वाचावं म्हणून मला डेक्कन कॉलेजच्या संस्कृत महाकोशाची आठवण झाली. हे काम 1948 साली सुरू झालं, पहिला भाग 1976 मध्ये निघाला, आणि कोश अजून ‘अ’ या पहिल्याच अक्षरात आहे. ‘प’ यायला अवकाश आहे. तिथली मंडळी फ्री नाहीत, एवढा मात्र याचा अर्थ नक्की.

तेव्हापासून मी एक नियम केला आहे. ‘फ्री आहात का?’ असा फोन आला की मनातल्या मनात तो शब्द आधी मुळावर नेते. विचारणाऱ्याला मी मोफत हवी आहे की प्रिय आहे, ते आवाजावरून कळतं. छत्तीस वर्षं काउंटरवर काढल्यावर एवढं कळायलाच हवं. परवा चेअरमनांनी लिफ्टवाल्यासमोर उभं राहण्यासाठी विचारलं. मी म्हटलं, ‘नाही हो, फ्री नाही.’ निवृत्तीनंतरचं माझं हे पहिलं ‘नाही’. दहा मिनिटांनी आत्याचा फोन आला. ‘फिरी हाईस का गं? येऊ म्हणते.’ मी म्हटलं, ‘ये की.’

स्वारगेटला तिला उतरवून घ्यायला गेले. आधी पिशवी उतरली, मग आत्या. शेंगा, गूळ, तांदळाची कणी आणि वर लिंबाचं लोणचं. तिचं तिकीट शून्य रुपयांचं होतं. पिशवी दोघींनी धरली तरी उचलत नव्हती.